आधी कुणाकडे धावायचं?

21 मार्च 2024 ला सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी हिंगोली जिल्हा हादरला. धक्का 4.5 रिश्टरचा होता. लोक अजून अंगणातच उभे होते, तोच दुसरा, सौम्य धक्का बसला. त्याच वर्षी 10 जुलैला, सकाळी सव्वासातच्या सुमारास, पुन्हा 4.5. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसराला तर जमिनीखालचे आवाज कित्येक वर्षांपासून ओळखीचे आहेत. मोठी हानी झाली नाही, पण मराठवाड्यात भिंत हलली की 1993 चा किल्लारीचा भूकंप आठवतोच.

अशा वेळी कॅज्युअल्टीत ड्यूटीवर असलेल्या सिस्टरला आपली तयारी आहे असं वाटतं का? हा प्रश्न परिचारिकांना अनेक देशांत विचारला गेला आहे आणि पुष्कळ ठिकाणी उत्तर ‘जेमतेम’ असंच आलं. हे उत्तर मला प्रामाणिक वाटतं. सिस्टरला काम येत नाही असा त्याचा अर्थ नाही. सर्पदंश, विषबाधा, उलटलेला ट्रॅक्टर हे सगळं ती निभावते. पण रोजच्या कॅज्युअल्टीत जो सर्वांत गंभीर, त्याच्याभोवती सगळे धावतात. एकाच वेळी पन्नास जखमी आले की हीच सवय आडवी येते.

तेव्हा ज्यांना चालता येतं त्यांना एका बाजूला जायला सांगायचं. ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्याकडे आधी पाहायचं. श्वास मिनिटाला तीसच्या वर गेला असेल तर लाल पट्टी, म्हणजे उपचार आधी. तोंड-घसा मोकळा करूनही श्वास येत नसेल तर काळी पट्टी, म्हणजे आता थांबायचं नाही, आणि पुढच्याकडे. एरवी ज्याच्या छातीवर दाब देत सिस्टर घामाघूम झाली असती, त्याला सोडून पुढे जायचं, तेही त्याच्या आईच्या देखत. छोट्या जिल्ह्यात ती आई कदाचित तिच्याच गल्लीतली असेल. शिवाय सिस्टरचं स्वतःचं घर, तिची मुलं त्याच हादऱ्यात सापडलेली.

एवढा कठोर निर्णय वीस वर्षांच्या नोकरीनेही अंगवळणी पडत नाही, कारण नोकरी रोज नेमकं उलटं शिकवते. तो सरावानेच येतो. आणि त्यासोबत एक खात्री लागते: आपण लावलेल्या पट्टीबद्दल उद्या चौकशी झाली, तर रुग्णालय आपल्या पाठीशी उभं राहील. ही खात्री नसेल तर नुसत्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राने कुणालाही धीर येणार नाही.

हिंगोलीत 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे शिकवणारे आता जिल्ह्यातच आहेत. त्यांनी सराव घ्यावा तो रात्रपाळीत, मोजक्याच सिस्टर हजर असताना. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत जमीन हलली, तेव्हा पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं झाली होती.