भाव विचारणारा मी

मांडुळाला सध्या काय भाव चाललाय, हे आपल्या बीड जिल्ह्यात हळू आवाजात विचारलं जातं. विचारणारा स्वतःला गिऱ्हाईक समजत नाही. मीही समजत नाही. पण घ्यायचं नसताना मला तो भाव ऐकावासा का वाटतो?

मांडूळ हा हलक्या, भुसभुशीत रानात राहणारा बिनविषारी साप. उंदीर खातो, मातीत दडून असतो. शेपूट तोंडासारखी बोथट, म्हणून दुतोंड्या. तो गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, एवढ्या अफवेवर त्याची बोली लाखांत जाते आणि वजनाबरोबर चढते. धन कुणालाच सापडलेलं नाही, तरी भाव उतरत नाही. कारण घेणारा प्रत्येक जण पुढच्या घेणाऱ्याच्या भरवशावर असतो. ही मागणी भाव ऐकणाऱ्या आणि पुढे सांगणाऱ्या तोंडांवर जगते. त्यांत माझंही तोंड आलं.

एक विचार मला मोहात पाडतो. मांडुळाची रीतसर पैदास केली, तर भाव पडेल आणि रानातली मांडुळं वाचतील, असं वाटतं. अमेरिकेत बॉल पायथन या आफ्रिकी अजगराच्या बाबतीत भाव खरोखरच पडला. 1992 च्या सुमारास तिथे पैदा झालेली पांढरी-पिवळी पिल्लं हजारो डॉलरला गेली. मग पैदास करणारे वाढले आणि तो रंग स्वस्त झाला. पण हौस तिथे थांबली नाही, नवा रंग हवा झाला. त्यातल्या ‘स्पायडर’ या रंगप्रकारात रंगाबरोबरच आतल्या कानाचा दोष येतो. सापाची मान थरथरते, त्याला तोल सांभाळता येत नाही. हे कळूनही त्याची पैदास होत राहिली, कारण मागणी होती. पुरवठा वाढवून हाव भागत नाही, एवढं मला त्यातून दिसतं. शिवाय बॉल पायथन घेणाऱ्याला निदान साप तरी हवा असतो. मांडुळाच्या गिऱ्हाइकाला धन हवं असतं. त्याच्यासाठी पैदाशीचा परवाना दिला, तर त्या परवान्याच्या आडून रानातलंच मांडूळ विकलं जाईल.

आणि रानातून ते उचलणार कोण? मुकादमाची उचल डोक्यावर असलेल्या ऊसतोड कामगाराच्या पायाशी मांडूळ आलं आणि कुणी त्याचे लाख रुपये सांगितले, तर त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा त्याच्यावर दाखल होईल. भाव त्याच्या कानापर्यंत पोहोचवणारे आम्ही घरी असू. हे मला सलतं, आणि सलायलाच हवं.

याच जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला, सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे ‘सर्पराज्ञी’ हे केंद्र चालवतात. जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना पुन्हा रानात सोडतात. तिथे सापाची विचारपूस होते ती त्याच्या जखमेची. मी विचारायला हवा होता तो प्रश्न हाच.

म्हणून माझ्यापुरतं ठरवलं आहे, आणि तुम्हालाही विनवतो. मांडूळ दिसलं तर त्याचा फोटो, वजन, भाव कुणालाही कळवू नका. जखमी किंवा अडकलेलं असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. धडधाकट असेल तर त्याच्या वाटेनं जाऊ द्या.