‘मला काही झालेलं नाही’

१६ मार्च २००९. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात, माँ त्राँब्लाँ इथं, ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन नवशिक्यांच्या साध्या उतारावर स्कीइंग शिकताना पडल्या. उठल्या, हसल्या, बोलल्या. मदतीला आलेली रुग्णवाहिका परत गेली. पुढं डोकं दुखू लागलं, प्रकृती ढासळली आणि दोन दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये, अवघ्या ४५व्या वर्षी, त्या गेल्या. शवविच्छेदनात एपिड्यूरल रक्तस्राव निघाला: कवटी आणि मेंदूवरचं जाड आवरण यांच्या मध्ये साठलेलं रक्त.

आपण ठीक आहोत असं त्यांना मनापासून वाटत होतं. मग ते ज्ञान खरं मानायचं की खोटं?

भारतीय दर्शनांत हा वाद जुना आहे. सातव्या शतकातले कुमारिल भट्ट आणि इतर मीमांसक म्हणत, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते अप्रमाण ठरवायचं, तर विरुद्ध ज्ञान तरी हवं, नाहीतर ज्ञानाच्या कारणात दोष तरी सापडायला हवा. नैयायिकांना हे पटत नाही. पाणी नुसतं दिसून काय उपयोग? प्यायल्यावर तहान भागली, तर ते ज्ञान खरं. म्हणजे प्रामाण्य बाहेरून ठरतं.

एरवी मीमांसकांची बाजू भक्कम वाटते. ‘पोट दुखतंय’ म्हणणाऱ्याशी कोण वाद घालणार? पण डोक्याला मार लागतो तेव्हा जाणणारं साधनच जायबंदी झालेलं असू शकतं, आणि हा कारणदोष ज्याचा त्याला दिसत नाही. मीमांसकांचीच अट इथं माणसाला नैयायिकांच्या दारात आणून सोडते.

कानशिलाजवळचं हाड पातळ असतं. ते तडकलं की आतली धमनी फाटू शकते. पहिली भोवळ ओसरते, माणूस चहा मागतो, घरी फोन करतो, आणि तेवढ्या वेळात आत रक्त साठत जातं. सबड्यूरल प्रकारात, म्हणजे रक्त त्या जाड आवरणाच्या आतल्या बाजूला साठतं तेव्हा, बहुधा शिरा फाटतात. वृद्धांमध्ये, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, किरकोळ धक्क्यानंतर कित्येक आठवड्यांनी विसरभोळेपणा किंवा लटपटती चाल दिसू लागते. घरचे म्हणतात, ‘वय झालं आता.’ इथं घरच्यांचंही ज्ञान फसतं.

बाहेरचा पुरावा तरी पक्का असतो का? नेहमीच नाही. जोराच्या हिसक्यानं मेंदूतले तंतू ठिकठिकाणी तुटले, तर रुग्ण बेशुद्ध असूनही सीटी स्कॅन जवळपास स्वच्छ दिसू शकतो.

शुद्धीची पातळी मोजणारी, १९७४ साली मांडलेली ग्लासगो कोमा स्केल ‘कसं वाटतंय’ यावर विसंबत नाही. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण. मधल्या शुद्धीच्या काळात १५ पैकी १५ही मिळू शकतात, म्हणून मोजणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

माणसानं उपचाराला दिलेल्या नकाराचा मान राखायलाच हवा, हे तत्त्व मोलाचं आहे. पण नकार देणारी बुद्धीच संशयाच्या छायेत असेल, तर पहिले काही तास तरी सोबतच्यांनी हट्ट धरण्यात त्याचा अपमान नाही. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, असंबद्ध बोलणं, एका डोळ्याची मोठी झालेली बाहुली, न उतरणारी गुंगी, यांतलं काहीही दिसलं की महाराष्ट्रात १०८ला फोन लावावा, आणि ‘जरा झोपू द्या’ ही विनंती तेव्हा ऐकू नये.