मस्टरवर नसलेली माणसं

आमच्या परभणीकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. शाळाखोलीचं काम एकाने घ्यायचं, सेंट्रिंग पोटगुत्तेदाराला द्यायचं, त्याने माणसं मुकादमाकडून आणायची आणि कमी पडली की मुकादमाने सकाळी नाक्यावरून उचलायची. काम असं हातोहात खाली उतरतं. विमा मात्र वरच्याच पायरीवर थांबतो.

गेल्या पावसाळ्यात गंगाखेड रस्त्यावरच्या एका साइटवर, पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी एका गुत्तेदाराची पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. वर ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ छापलेलं. ‘ऑल’खाली गुत्तेदारांनी पेनाने रेघ ओढली होती. बाहेर टेकूंच्या दाटीतून तिघं पोरं घमेली वाहत होती. त्यातली दोघं त्याच दिवशी आलेली. ‘यांचं काय?’ मी विचारलं. ‘थर्ड पार्टी आहे की त्यात, सर,’ ते म्हणाले.

खरी फट इथेच आहे. थर्ड पार्टी म्हणजे रस्त्याने जाणारा, शेजारच्या घरातला. कामाशी संबंधित कुठल्याही फर्मचा मजूर त्यात येत नाही, पोटगुत्तेदाराचाही नाही. त्याच्यासाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. विमा कंपनी ती देते तुम्ही कळवलेल्या माणसांवर आणि कळवलेल्या मजुरीवर. हप्ता वाचावा म्हणून माणसं कमी दाखवली, की अपघातानंतर नेमका तोच कागद पुढे येतो.

कायदा इतका अरुंद नाही. 1923 च्या भरपाई कायद्याने कलम 12 मध्येच सांगून ठेवलं होतं, की काम खाली दिलं तरी मजुराची जबाबदारी वरच्याला टाळता येत नाही. आधी त्याने द्यावं, मग खालच्याकडून वसूल करावं. 2020 मध्ये हिशेबासाठी धरायची महिन्याची मजुरी कमाल 15,000 रुपये ठरवली गेली. पंचवीस वर्षांचा मजूर गेला, तर त्या मजुरीच्या निम्म्याला वयानुसारच्या 216.91 ने गुणायचं : 16,26,825 रुपये. भरपाई थकवली तर व्याज, वर दंड. वेदप्रकाश गर्ग खटल्यात 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की वाहन विम्याच्या अशा प्रकरणात व्याज विमा कंपनी देईल, दंड मात्र मालकाच्याच खिशातून जाईल. लहान गुत्तेदाराचं घर एवढ्यानंच बसतं.

दुसरी फट आपल्या पायाखालची. ही काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पाया त्या हिशेबाने घेतला नाही तर भिंत तडकतेच. पण सदोष आराखडा सर्वसाधारण पॉलिसीच्या बाहेर असतो, निकृष्ट काम पुन्हा करण्याचा खर्चही. काम ताब्यात दिल्यानंतर देखभालीच्या मुदतीतलं संरक्षण मागून घ्यावं लागतं, जास्तीचा हप्ता भरून. पूर आला तर भरपाई मिळते खरी, पण नैसर्गिक आपत्तीसाठी स्वतः सोसायची रक्कमही मोठी असते. दुधनेच्या, पूर्णेच्या काठावर काम घेणाऱ्याने हा आकडा निविदा भरण्यापूर्वीच वाचला पाहिजे. सळईचे भाव वाढले आणि विम्याची रक्कम जुनीच राहिली, तर दावा त्या प्रमाणात कापला जातो, हेही कुणी सांगत नाही. एजंटाने हे मराठीत, समोर बसून सांगायला हवं. सही घेणं म्हणजे समजावणं नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

त्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली. गुत्तेदारांनी मस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. त्यात बारा नावं होती. शेडच्या सावलीत डबे सोडून बसलेली माणसं मी मोजली. एकोणीस होती.