थंडीतलं सुख आणि दारातला अतिथी

मार्गशीर्ष लागला की आमच्या कृष्णाकाठी थंडी अंगाला झोंबायला लागते. पहाटे नदीवरून धुकं उठतं, उसाच्या फडात शिरतं आणि सूर्य चांगला कासराभर वर आला तरी हलत नाही. गीतेत भगवंतांनी सर्व महिन्यांत मार्गशीर्ष म्हणजे मी, असं सांगितलं आहे. आपल्या दत्तप्रभूंचा जन्मही याच महिन्याच्या पौर्णिमेचा. म्हणजे आपला उत्सव मुळातच थंडीतला. नरसोबाच्या वाडीला पहाटे काकड आरतीला जो गेला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. घाटाच्या पायऱ्या बर्फासारख्या गार असतात, दात वाजत असतात, आणि काकडा लावायला निघालेला माणूस स्वतःच काकडत असतो! तरी पादुकांपुढे उभं राहिलं की थंडीचा विसर पडतो, हेही तितकंच खरं.

पण दत्तभक्तहो, आज मला मंदिरातल्या थंडीबद्दल नाही, घरातल्या उबेबद्दल थोडं बोलायचं आहे. कारण या उबेनंच दोन वर्षांपूर्वी मला एक धडा दिला.

मी निवृत्त शिक्षक. वय झालं की हिवाळ्याची रात्र फार लांबते. दोन-अडीचला जाग येते आणि मग उजाडता उजाडत नाही. अशा वेळी लहानसहान सुखांचा केवढा आधार असतो! माझ्याकडे आईनं शिवलेली एक गोधडी आहे. तिच्याच जुन्या लुगड्यांची, हातानं धावदोरा घातलेली. आता ती ठिकठिकाणी विरली आहे, पण तिच्यासारखी ऊब दुकानातल्या जाडजूड ब्लँकेटला नाही. चार वाजता उठून परसात बंब पेटवायचा. शेणी आणि लाकडाच्या ढलप्या धडधडायला लागल्या की तिथंच पाटावर बसून हात शेकायचे. मग कढत पाण्याची आंघोळ, आलं घालून गुळाचा चहा. दुपारी तव्यावरची बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि तिळाची चटणी. जेवण झालं की अंगणात कोवळ्या उन्हाला पाठ देऊन बसायचं. यात पैसा किती लागतो? जवळजवळ काहीच नाही. पण राजाला हेवा वाटावा असं सुख आहे.

आता माझ्यासारख्या परंपरेत वाढलेल्या माणसाच्या मनात एक शंका येते. आपलं दैवत अवधूत. अंगाला भस्म, हाती कमंडलू, ना घर ना दार. टेंबे स्वामी महाराज मोजक्या वस्त्रांनिशी देशभर पायी फिरले. थंडी-पाऊस त्यांनी कधी मोजला नाही. गुरुचरित्राच्या सप्ताहातही आपण चटईवर नाहीतर घोंगडीवर निजतो, साधं हविष्यान्न घेतो. मग उरलेल्या दिवसांत गोधडीत गुरफटून मिळणारं हे सुख आपल्याला शोभतं का? की तो आपल्या वाटेतला अडथळा आहे?

या शंकेचं एक उत्तर आपल्या आचारातच आहे. आपण देवालाही थंडीत उघडं ठेवत नाही. पंढरपुरात हिवाळ्यात विठुरायाला कानपट्टी बांधतात, अंगावर शाल घालतात. रोज रात्री शेजारती करून आपण देवाला निजवतो. ऊब हे पाप असतं तर ती देवाला कुणी अर्पण केली असती का? जे देवाला अर्पण करता येतं ते प्रसाद म्हणून आपणही घेऊ शकतो.

दुसरं उत्तर अवधूतानं यदुराजाला दिलेलं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो. त्यातला अजगर आठवा. न मागता जे येईल ते गोड असो वा बेचव, थोडं असो वा पुष्कळ, तो घेतो. म्हणजे आलेलं नाकारायलाही अवधूत सांगत नाही, फक्त त्यामागे धावू नका म्हणतो. पिंगला आठवा. धनाच्या आशेनं अर्ध्या रात्रीपर्यंत दारातून आत-बाहेर करत राहिली. आशा सोडली आणि सुखानं झोपली. तिची ती शांत झोप अवधूतानं गौरवानं सांगितली आहे. पण याच यादीत कपोत पक्षीही आहे. घरट्याच्या मायेत तो इतका बुडाला की पिल्लं जाळ्यात सापडल्यावर, डोळ्यांदेखत जाळं दिसत असताना, स्वतःही त्यात जाऊन पडला.

हे सगळं मला चांगलं ठाऊक होतं. चार ठिकाणी प्रवचनात सांगितलंही होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं.

दोन वर्षांपूर्वीची दत्तजयंतीच्या सप्ताहातली गोष्ट. पारायणाचा पाचवा दिवस होता. आमच्या घरामागं एक मोकळं रान आहे. दरवर्षी कारखाने सुरू झाले की बीडकडची ऊसतोड मंडळी तिथं उतरतात. बांबूच्या चटया आणि पाचटाच्या कोपी उभ्या राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला हा कोयता पहाटे अंधारात फडात जातो आणि गाडी भरायची असली तर रात्रीही हलत नाही. आपला हिवाळा संक्रांतीपासून तीळ तीळ उतरायला लागतो. त्यांचा हिवाळा कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत उघड्यावर चालू असतो.

त्या पहाटे मी बंब पेटवला, आंघोळ केली, सोवळं नेसलो आणि पोथी उघडून बसलो. ही काकड आरतीला गेलेली. एवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. बाहेर एक तरुण बाई, हातात पत्र्याचं घमेलं. म्हणाली, “गुरुजी, वाईच इस्तू द्या ना. दवानं सगळं जळण भिजलंय, चूल पेटंना. लेकरू लई गारठलंय. अन् तांब्याभर ऊन पाणी.”

मी सोवळ्यात होतो. वाचन मध्येच सोडून उठायचं नाही, हा माझा नेम. मी बसल्या जागेवरूनच म्हणालो, “बाई, वाचन चालू आहे. तासाभरानं ये.” ती “बरं” म्हणाली. दोन क्षण थांबली असेल, मग पावलांचा आवाज लांब गेला. मी पुन्हा पोथीकडे वळलो.

पाचव्या दिवसाच्या वाचनात अडतिसावा अध्याय येतो. त्यात भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण गाणगापुरात श्रीगुरूंना भिक्षा घालायला येतो. त्याच्याजवळ शिधा असतो जेमतेम तिघांपुरता. श्रीगुरू त्याला म्हणतात, सगळ्यांना बोलाव. आणि तेवढ्या अन्नात हजारो माणसं जेवतात, गाव जेवतं, तरी अन्न उरतं. ही कथा मी अनेक वर्षं वाचत आलो आहे, दरवेळी डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवशीही आलं. आणि ज्या वेळी ते आलं, त्याच वेळी माझ्या परसातला बंब विस्तवानं भरलेला होता, आणि मी एका लेकुरवाळीला ओंजळभर निखारे दिले नव्हते.

ही परत आली तेव्हा मी सहज सांगितलं. ती काही रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तुमचं वाचन चालू होतं हे खरं. पण बंबही चालूच होता की.”

आम्ही दोघं लगेच मागच्या रानात गेलो. मी घमेल्यात निखारे घेतले, हिनं पाण्याची कळशी आणि लहानांचे जुने कपडे. ती बाई फडात निघून गेली होती. कोपीपुढे तीन दगडांच्या चुलीपाशी तिची सासू नातवाला पोटाशी धरून बसलेली. शेजारच्या कोपीतून विस्तव आणून त्यांनी चूल पेटवली होती. बाळ म्हातारीच्या लुगड्याच्या पदरात मुटकुळं करून झोपलं होतं. मी काही बोलणार, त्याआधी म्हातारीच म्हणाली, “या की गुरुजी, उभे का? बसा, हात शेका.” आणि तिनं स्वतः सरकून चुलीजवळची जागा मला दिली. मग जर्मनच्या पातेल्यात गुळाचा कोरा चहा उकळला आणि आम्हाला दोघांना दिला. पेले दोनच होते. ती आमचे रिकामे व्हायची वाट पाहत बसली.

त्या हिवाळ्यात मला एवढी ऊब दुसरीकडे कुठे मिळाली नाही. आणि एवढी लाजही कधी वाटली नाही.

घरी आल्यावर विचार करत बसलो. माझी चूक नेमकी कुठे झाली? बंबाच्या उबेत बसलो ही चूक होती का? नाही. मी थंड पाण्यानं आंघोळ केली असती, उघड्या अंगानं वाचायला बसलो असतो, तरी त्या बाईच्या घमेल्यात निखारा पडला नसताच. म्हातारीच्या चुलीपाशीही ऊबच होती, चहातही गोडीच होती, आणि तिनंही ती घेतली होतीच. फरक होता तो एवढाच की तिच्या चुलीपाशी दुसऱ्याला जागा होती. माझ्या बंबापाशी नव्हती. आणि मला उठू न देणारी नुसती गोधडीची ऊब नव्हती. माझ्या नेमाची, माझ्या सोवळ्याची, ‘आपण किती छान वाचतोय’ या समाधानाचीही एक ऊब होती. भक्तीचंसुद्धा घरटं होऊ शकतं. कपोत पक्ष्याची गोष्ट सांगणारा मी, त्या जाळ्यात कधी शिरलो ते मला कळलंच नाही.

आपल्या दैवताची जन्मकथा आठवून पाहा. तीन देव अतिथी होऊन अनसूयामातेच्या दारात आले. वेळ अवघड, मागणं त्याहून अवघड. तिच्या पातिव्रत्याचा नेम माझ्या पारायणाच्या नेमापेक्षा कितीतरी मोठा होता. पण तिनं दार लावलं नाही. तिनं त्या तिघांना बाळं केलं, जवळ घेतलं, पाळण्यात घातलं. ज्यांच्या हाती विश्वाची उत्पत्ती, स्थिती आणि लय, त्यांना एका आईच्या कुशीची ऊब घ्यावी लागली. आणि अतिथीला विन्मुख न पाठवल्यामुळेच तिच्या घरी दत्तात्रेय आले. मग माझ्या दारात घमेलं घेऊन, घरी गारठलेलं लेकरू ठेवून कोण आलं होतं? मी पोथीत ज्यांना शोधत होतो ते मागच्या दारी येऊन गेले, असं मी म्हणालो तर तुम्ही मला भाबडा म्हणू नका.

अवधूताला घर नाही, पण धुनी आहे. तो तिच्याजवळ बसतो, त्याच्याभोवती गाय आहे, कुत्री आहेत. धुनीला भिंत नाही, दार नाही, कडी नाही; ज्याला थंडी वाजते त्यानं यावं आणि शेकावं. चोवीस गुरूंत अग्नीही आहे. कुणीही काही दिलं तरी तो स्वीकारतो, आणि कुणाच्या स्पर्शानं विटाळत नाही. संसारी माणसाला भिंती लागतात, दारही लागतं. पण कडी आतून असते आणि ती काढणं आपल्या हातात असतं. कढत पाण्याची आंघोळ करावी, गोधडीत निजावं, चहाचा घोट मनापासून घ्यावा. फक्त कडी वाजली की त्या सुखातून उठता येतं का, एवढं तपासत राहावं. उठता आलं तर ती ऊब प्रसादाची. उठता आलं नाही तर ती आसक्ती, मग ती गोधडीची असो की पोथीची.

आता आम्ही थंडीभर एक साधी गोष्ट करतो. पहाटे बंब पेटला की परसाच्या भिंतीबाहेर निखाऱ्यांचं एक घमेलं आणि कढत पाण्याची एक बादली ठेवतो. कुणी मागायची वाट पाहत नाही. यानं ऊसतोड्यांचा हिवाळा संपत नाही. त्यांच्या मजुरीचे, निवाऱ्याचे, मुलांच्या शाळेचे प्रश्न फार मोठे आहेत, आणि ते घमेलंभर विस्तवानं सुटणार नाहीत, हे मला कळतं. पण मोठं करता येत नाही म्हणून लहानही करायचं नाही, ही पळवाट मला आता नको आहे.

दत्तजन्माच्या संध्याकाळी पाळणा हलवून झाला की आपण सुंठवडा वाटतो. सुंठ ही बाळंतिणीला द्यायची, अंगात ऊब आणणारी. म्हणजे आपल्या उत्सवाचा प्रसादच मुळी उबेचा आहे! गेल्या वर्षी तो द्रोणांत भरून ही आणि मी मागच्या रानात गेलो. ती तरुण बाई पुन्हा आली होती. लेकरू आता पायांवर उभं राहत होतं. त्यानं चिमूटभर सुंठवडा तोंडात घातला, तिखट लागला म्हणून तोंड वेडंवाकडं केलं, आणि पुन्हा हात पुढे केला.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥