हरणाऱ्या उमेदवाराचे पाठीराखे

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथे राहणारा, अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही स्त्री-पुरुष आपल्या गावचा सरपंच आज थेट निवडू शकतो. हा अधिकार राज्य सरकारने २०१७ साली दिला, २०२० साली काढून घेतला आणि २०२२ साली पुन्हा बहाल केला. गावच्या कारभाऱ्याची निवड लोकांनी करावी की पंचांनी, याविषयी सत्ताधाऱ्यांचे मत पाच वर्षांत असे दोनदा फिरले. मात्र ज्याच्या नावाने संघराज्याचा सारा कारभार चालतो, त्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत याच नागरिकाला मतपत्रिका मिळत नाही, आणि ती मिळावी की नाही याविषयी कोणाचे मत फिरल्याचेही ऐकिवात नाही. त्याच्या वतीने आमदार व खासदार मत देतात. महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १७५ इतके आहे. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागून आणि त्या भागाकाराला पुन्हा हजाराने भागून ते काढलेले आहे, आणि ही लोकसंख्या अजूनही १९७१ च्या खानेसुमारीचीच धरली जाते. त्यानंतर जन्मलेला माणूस सरपंच निवडतो, आमदार निवडतो, स्वतःही आमदार होऊ शकतो. पण या हिशेबात तो जमेस धरलेला नाही.

अशा देशात, निवडून येण्याची सुतराम शक्यता नसलेल्या एखाद्या पुरोगामी राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारामागे सामान्य माणूस उभा राहतो याचा अर्थ काय, आणि त्याने उभे राहावे तरी कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अमेरिकेत या प्रश्नाला निदान एक रूढ उत्तर आहे. तेथे युजीन डेब्ज हा रेल्वे कामगारांचा पुढारी पाच वेळा अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि १९२० साली, महायुद्धविरोधी भाषणाबद्दल तुरुंगवास भोगत असतानाही, नऊ लाखांहून अधिक लोकांनी त्याला मते दिली. त्याच्यामागून नॉर्मन टॉमस १९२८ ते १९४८ या काळात लागोपाठ सहा वेळा उभा राहिला आणि सहाही वेळा पडला. परंतु वार्धक्यवेतन आणि बेकारीचा विमा या त्याच्या पक्षाच्या मागण्या १९३५ साली रूझवेल्टच्या कायद्यात उतरल्या. अलीकडे बर्नी सँडर्स यांना २०१६ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत सुमारे एक कोटी तीस लाख मते पडली, आणि सरासरी सत्तावीस डॉलरच्या वर्गणीवर आपण मोहीम चालवतो असे ते सभासभांतून अभिमानाने सांगत. उमेदवार पडतो, पण त्याच्या मागण्या जिंकणाऱ्यांना उचलाव्या लागतात, अशी ही परंपरा आहे. तिचा आधार एवढाच की, उमेदवाराला किती लोकांनी मत दिले हे तेथे मोजले जाते, आणि मोजलेली संख्या पुढच्या निवडणुकीपर्यंत जिंकणाऱ्यांच्या मनात धाक धरून राहते.

आपल्याकडे अशा उमेदवाराचा पहिला मान मुंबईच्या प्रा. के. टी. शहा यांच्याकडे जातो, आणि आज त्यांचे नाव विद्यार्थ्यांच्या टिपणांबाहेर क्वचितच आढळते ही खेदाची गोष्ट आहे. १८८८ साली जन्मलेले शहा हे अर्थशास्त्राचे गाढे पंडित. मुंबई विद्यापीठात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि सुभाषबाबूंनी काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने १९३८ साली नेहरूंच्या अध्यक्षतेखाली जी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, तिचे चिटणीसपद सांभाळून तिचे अहवालखंड सिद्ध करण्याचा भार त्यांनीच वाहिला. घटना समितीत ते बिहारमधून निवडून गेले होते. तेथे १९४८ च्या नोव्हेंबरात, भारत हे ‘धर्मनिरपेक्ष, संघात्मक, समाजवादी’ राज्यांचे संघराज्य असेल असे पहिल्याच अनुच्छेदात लिहावे, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. ती नामंजूर झाली. पुढच्याच महिन्यात, राष्ट्रपतीची निवड प्रौढ नागरिकांनी गुप्त मतदानाने प्रत्यक्ष करावी, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. तीही नामंजूर झाली. बहुमताचे म्हणणे असे की, एवढ्या अफाट मतदारसंख्येची निवडणूक केवळ नामधारी प्रमुखासाठी घेणे हा द्रव्याचा व श्रमाचा अपव्यय होईल, शिवाय लोकांनी थेट निवडलेला राष्ट्रपती मंत्रिमंडळाला उद्या जुमानणार नाही. या म्हणण्यात तथ्य होते हे शहांच्या चाहत्यानेही मान्य केले पाहिजे. पण त्याचबरोबर हेही ध्यानात घेतले पाहिजे की, त्या निर्णयाने देशातील सर्वोच्च पदाच्या प्रश्नावर सामान्य माणसाला बोलते करण्याचा एकमेव नियमित प्रसंग कायमचा नाहीसा झाला.

पुढे १९५२ च्या मे महिन्यात राष्ट्रपतिपदाची पहिली निवडणूक झाली, तेव्हा राजेंद्रप्रसादांच्या विरोधात हेच शहा उभे राहिले. प्रत्यक्ष मतदानाची मागणी फेटाळली गेलेला हा मनुष्य अप्रत्यक्ष मतदानाच्या मैदानात उतरला, आणि तेथील निकाल मतदानापूर्वीच ठरलेला होता. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० मूल्याची मते मिळाली, शहांना ९२,८२७. म्हणजे शेकडा पंधरा. वर्षही न उलटते तोच, १९५३ च्या मार्चमध्ये, शहा निवर्तले.

त्या मे महिन्यात देवगाव रंगारी हे हैदराबाद संस्थानाच्या नव्या राज्यात होते. निजामाची सत्ता जाऊन चार वर्षेही झाली नव्हती. पोलीस पाटलापासून सुभेदारापर्यंतच्या हुकमांना मान तुकवण्याची सवय असलेल्या रयतेने काही महिन्यांपूर्वीच प्रथम प्रौढ मताधिकाराने विधानसभा निवडली होती, आणि त्या १७५ जणांच्या विधानसभेत कम्युनिस्टप्रणीत आघाडी, समाजवादी व शेतकरी कामगार पक्ष मिळून विरोधकांचा भरभक्कम गट बसला होता. निवडणूक म्हणजे काय हे नुकतेच अनुभवलेल्या, आणि म्हणूनच तिच्याविषयी उत्साही असलेल्या, अशा या मुलखात शहांचा जाहीरनामा समजून घेणारी माणसे मिळाली नसती असे मानण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्यापर्यंत जाण्याचे शहांना प्रयोजनच नव्हते, कारण त्यांच्यापाशी मत नव्हते. राजेंद्रप्रसाद मात्र मराठवाड्याला ठाऊक होते. १ सप्टेंबर १९५१ रोजी औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली होती.

शहांच्या शब्दांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी मागितलेले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे दोन्ही शब्द १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सरनाम्यात आले. वरवर पाहता हा पराभूत उमेदवाराचा अठ्ठावीस वर्षांनी झालेला विजय होय. परंतु ते शब्द ज्या काळात आले, त्या काळात वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला होता, आणि समाजवादासाठी आयुष्य वेचलेले कितीतरी कार्यकर्ते येरवड्याच्या व नाशिकच्या कारागृहांत विनाचौकशी स्थानबद्ध होते. समाजवाद घटनेत शिरला तेव्हा समाजवादी बंदीत होते. ज्यांच्यासाठी हे शब्द घातले त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि ज्यांनी घातले त्यांना त्यांचा जाब द्यावा लागणार नव्हता. तुरटीच्या पाण्यात न भिजवलेल्या कापडाला दिलेला रंग पहिल्या धुण्यात उतरतो, हे रंगाऱ्यांच्या पिढ्या ज्या गावच्या नावात नोंदल्या गेल्या तेथील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

याच्याशेजारी त्याच सुमाराची दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील व अन्य भागांतील लाखो मजुरांपर्यंत पोहोचली. खडी फोडणाऱ्या, नालाबांध घालणाऱ्या बायाबापड्यांचे मोर्चे कामाच्या आणि वेळेवर मजुरीच्या मागणीसाठी तहसील कचेऱ्यांवर गेले, शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण, समाजवादी, कम्युनिस्ट अशा सत्तेपासून दूर असलेल्या पक्षांनी ते संघटित केले, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. सरनाम्यातील शब्द आणि हा कायदा एकाच वर्षाच्या अंतराने आले. एक घटनेच्या पहिल्या पानावर विराजमान झाला, दुसरा तहसीलदाराच्या टेबलावर आला. पण काम मागण्याचा अर्ज घेऊन जाता येते ते दुसऱ्याच्याच आधारे. पुढे २००५ साली केंद्राने देशभर रोजगार हमीचा कायदा केला, त्याचेही मूळ येथेच आहे. मजुरांच्या बाजूने बोलणारे पक्ष त्या काळात बहुधा निवडणुका हरतच होते. तरी त्यांच्या मागे माणसे होती, म्हणून त्यांची मागणी सरकारदफ्तरी टिकली.

पराभवानंतर काय उरते याचे याहूनही मोठे उदाहरण बाबासाहेबांचे आहे. १९५२ साली उत्तर मुंबईत ते नारायणराव काजरोळकरांकडून पराभूत झाले आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. घटनेचा शिल्पकार त्याच घटनेने निर्माण केलेल्या लोकसभेत निवडून जाऊ शकला नाही. पण त्यांच्या पाठीराख्यांनी ही हार स्मरणदिनासाठी जपून ठेवली नाही. १९५७ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत उतरले, दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले, आणि पुढे १९५९ व १९६४-६५ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मताधिकार असलेल्या, वस्तीवस्तीत शाखा असलेल्या आणि वर्गणीची सवय असलेल्या लोकांनी हरलेल्या उमेदवाराचे कार्य पुढे चालवले, तर पराभव हे त्या कार्यातील एक प्रकरण ठरते, समाप्ती ठरत नाही.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत असे होऊ शकत नाही, याचा प्रत्यय २००२ साली पुन्हा आला. आझाद हिंद सेनेतील राणी झाशी पलटणीच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल डाव्या पक्षांतर्फे डॉ. कलाम यांच्या विरोधात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे वय सत्त्याऐंशी होते. कानपुरात गोरगरिबांवर उपचार करण्यात आयुष्य घालवलेल्या या स्त्रीला १,०७,३६६ मूल्याची मते मिळाली, कलामांना ९,२२,८८४. डाव्यांच्या आमदार-खासदारांची बेरीज आधीच करता येत होती, आणि निकालाने ती तेवढी कायम केली. देशातील किती गावांत त्यांच्याविषयी आदर होता, हे त्या आकड्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय ही वाट उत्तरोत्तर चिंचोळीच होत गेली आहे. १९६७ साली सतरा उमेदवार उभे राहून त्यांतील नवांना एकही मत मिळाले नाही, तेव्हा १९७४ साली दहा सूचक, दहा अनुमोदक व अडीच हजार रुपये अनामत अशी अट आली, आणि १९९७ साली ती पन्नास, पन्नास व पंधरा हजार झाली. हौशी अर्जदारांना आळा घालणे रास्तच होते. पण त्याबरोबर आमदार-खासदारांच्या वर्तुळाबाहेरच्या कोणालाही त्या दारापाशी उभे राहणे अशक्य झाले.

मग राष्ट्रपतीची निवड थेट लोकांनी करावी काय? शहांविषयी आदर बाळगूनही माझे उत्तर नकारार्थी आहे. एका व्यक्तीच्या मागे साऱ्या देशाचा उत्साह गोळा करणारी निवडणूक पुरोगामी उमेदवाराला जितकी सोयीची, तितकीच लोकांना मुठीत ठेवू पाहणाऱ्यालाही सोयीची असते, आणि राजकारणातील भक्ती ही अधोगतीची व अखेर हुकूमशाहीची वाट होय, हा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीला दिलेला इशारा आज जुना झालेला नाही. हरणाऱ्याचे भक्त हेही भक्तच. आपला उमेदवार हरला म्हणून तो थोर, आणि जग त्याच्या योग्यतेचे नाही, अशा समजुतीत रमणारा पाठीराखा पुढच्या निवडणुकीत घरी बसतो. त्याच्या विरक्तीचा लाभ नेमका त्यालाच होतो, ज्याच्याविरुद्ध तो उभा राहिला होता.

‘एक व्होट, एक नोट’ ही घोषणा महाराष्ट्रातील विरोधी पक्षांच्या सभांतून निनादली होती, आणि १९७७ साली समाजवादी बापूसाहेब काळदाते जनता पक्षातर्फे औरंगाबादेतून लोकसभेवर गेले ते त्याच हवेत. त्या घोषणेत मताइतकेच महत्त्व नोटेला होते, कारण सभेत फिरणाऱ्या झोळीत रुपया टाकणारा माणूस निकालानंतर त्या रुपयाचा हिशेब विचारण्याचा हक्कदार होतो. दुर्दैवाने पुढील दोन-अडीच वर्षांत जनता पक्षाची शकले उडाली, आणि हिशेब विचारायला जावे तर ज्याच्याकडे जायचे तो पक्षच शिल्लक राहिला नाही. नोट गोळा करणारी मोहीम उभी राहिली होती, ती सांभाळणारी संघटना उभी राहिली नव्हती. अमेरिकेतील सत्तावीस डॉलरांच्या मोहिमांपुढेही आज हाच प्रश्न आहे.

तेव्हा पुढल्या वेळी एखादा विद्वान, एखादी वृद्ध सेनानी, एखादा आदिवासी वा कामगार कार्यकर्ता राष्ट्रपतिपदासाठी हरण्याच्याच तयारीने उभा राहील, तेव्हा देवगाव रंगारीच्या नागरिकाने दिल्लीकडे पाहून हळहळू नये. त्याने त्या उमेदवाराचा जाहीरनामा मिळवावा, त्यातील जमीन, पाणी, मजुरी आणि शिक्षण यांविषयीची कलमे ग्रामसभेत वाचावीत, आणि आपल्या आमदारास लेखी विचारावे की, आमच्या नावावर असलेले १७५ मूल्याचे मत तुम्ही कोणाला देणार आहात व का. मतदान गुप्त आहे, असे उत्तर येईल. ते कायद्याने बरोबरही असेल. पण ‘का’ या प्रश्नाला गुप्ततेचे संरक्षण नाही, आणि तो विचारणाऱ्याच्या हाती पुढच्या विधानसभेचे मत आहे. ते मत त्याने या उत्तरावरून द्यावे.