उपचाराचा शेवट कोठे?

कावेरीकाठचे तिरुवैयारु त्यागराजांच्या समाधीमुळे सर्वांस परिचित आहे. त्यागराज १८४७ मध्ये निवर्तले आणि पुढे त्या समाधीची उपेक्षा झाली. १९२० च्या दशकात बंगळूर नागरत्नम्मा यांनी स्वतःच्या मिळकतीतून तेथे मंदिर उभारले व आपली मालमत्ताही त्याच कार्यासाठी लावून दिली. वास्तू उभी करणे हे एक कर्तव्य. ती आपल्यामागे सांभाळली जाईल अशी तरतूद करणे हे दुसरे. शरीरात यंत्रे बसविणाऱ्या आजच्या वैद्यकासमोर नेमका हाच भेद उभा आहे.

त्यागराजांच्याच काळात, शेजारच्या तंजावरात, दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) धन्वंतरी महालात रुग्णांची काळजी वाहत होते. त्यांच्या नेत्ररुग्णांची टिपणे आणि विकृत डोळ्यांची चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. त्या काळच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत शस्त्र डोळ्यात जाई ते बाहेर येण्यासाठीच. जखम भरली की वैद्य दूर होई आणि डोळा पुन्हा सर्वस्वी रुग्णाचा होई. उपचाराला असा स्वाभाविक शेवट होता.

आता तो शेवट पुसट होत चालला आहे. ‘आर्गस २’ या कृत्रिम दृष्टियंत्रास अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. चष्म्यावरील कॅमेरा दृश्य टिपे आणि दृष्टिपटलावर बसविलेले साठ विद्युदग्र त्याचे संकेत मज्जातंतूंपर्यंत पोहोचवीत. पूर्ण अंधारात जगणाऱ्यांना त्यातून प्रकाशाचे ठिपके आणि वस्तूंच्या कडा जाणवू लागल्या. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले. पुढच्याच वर्षी ती आर्थिक संकटात सापडली आणि तिने बहुतेक कर्मचारी कमी केले. यंत्रे डोळ्यांत राहिली. ती दुरुस्त करणारे हात उरले नाहीत.

येथे अन्याय झाला काय? कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपे नाही. रुग्णांनी जाणूनबुजून संमती दिली होती, आणि तोट्यातील धंदा चालू ठेवण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. शिवाय यावज्जीव हमी दिल्यावाचून काही बसवू नये असा दंडक घातला, तर असे यंत्र जन्मासच येणार नाही आणि अंध मनुष्य अंधारातच राहील. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे: यंत्र ही विकलेली वस्तू आहे. वस्तुतः ते ज्या क्षणी देहात रुजते, त्या क्षणी वस्तू न राहता संबंध बनते. बिघडलेले घड्याळ फेकून देता येते; बिघडलेली दृष्टी फेकून देता येत नाही.

अशा संबंधाची रीत तंजावरच्या भूमीस अपरिचित नव्हती. रामेश्वराच्या यात्रामार्गावरील मराठा राजांच्या छत्रांविषयी सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिले. छत्रात वैद्य असे, आणि आजारी पडलेल्या यात्रेकरूची बरा होईपर्यंत शुश्रूषा होई, असे त्यात सांगितले आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. तरीही ही छत्रे आपल्याच देखरेखीखाली राहावीत, असा राजांचा आग्रह होता. सत्ता गेल्याच्या दुःखाहून दिलेला शब्द मोडण्याची भीती त्यांना मोठी वाटली असावी. छत्र म्हणजे केवळ अन्न आणि औषध नव्हे. त्यामागे जमिनीचे उत्पन्न नेमून दिलेले असे. दात्याची स्थिती पालटली तरी दान टिकावे, हा त्यातील विचार.

देहात यंत्र बसविणाऱ्याने अशीच नेमणूक आधी करावी. विक्रीच्या किमतीतील काही अंश देखभालीच्या स्वतंत्र निधीत ठेवावा. कंपनी मोडल्यास यंत्राची रचना इतरांना खुली व्हावी. आणि संमतिपत्रात आरंभाप्रमाणे अखेरीचाही उल्लेख असावा. याने संशोधन महागेल, परंतु थांबणार नाही.

काही यंत्रांना याची गरज पडणार नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी काम संपल्यावर शरीरातच विरघळणारा पेसमेकर सादर केला. २०२५ मध्ये तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेसमेकर पुढे आला. तात्पुरत्या दुखण्यासाठी असे विरून जाणे हाच सुबोध शेवट होय. परंतु जन्मभराच्या व्याधीला जन्मभराची सोबत लागते. तेथे यंत्र किती सूक्ष्म आहे याहून, त्यामागची जबाबदारी किती दीर्घ आहे, हेच पाहावे लागेल.