पाच डॉलरचे तिकीट

रॉक संगीत म्हटले की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते, आणि ती सर्वस्वी निराधार असते असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच गोंगाटात एका फार जुन्या नैतिक प्रश्नाशी झुंजणारी मुले मला भेटली. वस्तूची न्याय्य किंमत कोणती, हा तो प्रश्न.

1980 साली वॉशिंग्टनमधील ‘टीन आयडल्स’ हा कोवळ्या मुलांचा वाद्यवृंद फुटला. कार्यक्रमांतून साठलेले सुमारे 600 डॉलर शिल्लक होते. ते वाटून घेतले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र त्या पैशांतून आपल्या गाण्यांची तबकडी काढली. प्रती 1000; वेष्टने स्वतःच कापली, दुमडली, डिंकाने चिकटवली. इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांची ‘डिस्कॉर्ड’ ही संस्था अशी जन्मली. 1987 मध्ये मकायचा ‘फुगाझी’ हा वृंद रंगमंचावर आला, तेव्हा दंडक ठरला : तिकीट शक्यतो 5 डॉलर, आणि प्रवेश सर्व वयांना. अमेरिकेतील अनेक संगीतगृहे मद्यविक्रीवर चालत असल्याने अल्पवयीनांना दाराशीच अडवीत, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुसऱ्या अटीचे मोल कळते.

पुढे कीर्ती वाढली, सभागृहे भरू लागली. मग तिकीट का वाढवू नये? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात याचा ऊहापोह केला आहे. वस्तू देताना विक्रेत्याची हानी होत असेल, तर त्याने अधिक घ्यावे. पण घेणाऱ्याची निकड मोठी आहे, एवढ्याच कारणाने दाम चढवू नये. ती निकड विक्रेत्याच्या मालकीची नसते, मग ती तो विकणार कशी? पंधरा वर्षांच्या मुलाची गाणे ऐकण्याची तहान त्या मुलाची असते. फुगाझीच्या मंडळींनी अक्वायनस वाचला असेल असे मला मुळीच वाटत नाही.

मात्र हा संन्यास नव्हता. ही काटकसर होती. व्यवस्थापक नाही, कार्यक्रम स्वतःच ठरवायचे, सामान स्वतःच वाहायचे, मुक्काम ओळखीपाळखीच्यांकडे. खर्च आटोक्यात म्हणून दर आटोक्यात. बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचे प्रस्ताव आले, ते नाकारण्याचे बळही या हिशेबातूनच आले असावे. महत्त्वाकांक्षा त्यांना नव्हती असे नाही. आपले गाणे कोणत्या अटींवर पोहोचेल, हे आपणच ठरवावे, ही महत्त्वाकांक्षा काय लहान आहे?

येथे मात्र माझे मन अडखळते. त्यांचा दंडक पाहता पाहता इतरांना मोजण्याची फूटपट्टी झाला. मोठ्या कंपनीशी करार करणारा ‘विकला गेला’ असे चाहते बोलू लागले. घरी तान्हे मूल, घरभाडे थकलेले, अशा वादकाने करार केला तर त्याला दोष कोणी द्यावा? कामकरी आपल्या वेतनास पात्र आहे, हे तर आपले शुभवर्तमानच सांगते. मंदिरात उभ्या राहिलेल्या परुश्याचा उपवासही खराच होता. बिघडले ते शेजाऱ्याकडे पाहताना.

2002 च्या अखेरीस फुगाझीने वादन थांबविले. 2011 मध्ये जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे संगणकावरून उपलब्ध करून देताना त्यांनी किंमत ठरविण्याचे काम ऐकणाऱ्यावरच सोपविले. सुचविलेला आकडा तेवढा खाली लिहिला होता : 5 डॉलर.